शिकता शिकता बालसंगोपनात काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाळणाघर, बालवाडी, अंगणवाडी किंवा कंपनीचं डे-केअर यांपैकी कुठेतरी काम सुरू करायचं आहे, हातात अजून पदविका नाही, पण ती घ्यायची आहे, अशांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. सगळी माहिती महाराष्ट्रापुरती आहे. शेवटाकडे एक प्रश्न ऑस्ट्रेलियाचा आहे, कारण तिकडे गेलेल्या मराठी घरांमधून तो नेहमी येतो.

पदविका नसताना काम मिळतं का?

मिळतं, पण मदतनीस म्हणून. खासगी पाळणाघरं आणि प्ले-ग्रुप बारावी झालेल्या, कधीकधी दहावी झालेल्या उमेदवारालाही मदतनीस ताई म्हणून घेतात. वर्गाची जबाबदारी मात्र शिकलेल्या ताईंकडेच असायला हवी. एखादी संस्था पहिल्याच दिवशी तुमच्या हाती अख्खा वर्ग देत असेल, तर त्यांनी तुमचे गुण ओळखले असं समजू नका. त्यांच्याकडे माणूस नाही, एवढाच त्याचा अर्थ. तिथे तुम्हाला शिकवायलाही कोणी नसतं, आणि काही बिघडलं की नाव तुमचंच पुढे येतं.

अंगणवाडीत मदतनीस किंवा सेविका व्हायला काय लागतं?

अंगणवाडी ही २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा भाग आहे. महाराष्ट्रात २०२३ पासून सेविका आणि मदतनीस या दोन्ही पदांना बारावी उत्तीर्ण ही किमान अट आहे. वय १८ ते ३५, विधवा उमेदवारांना ४० पर्यंत सवलत. उमेदवार त्याच गावची रहिवासी असावी लागते आणि लहान कुटुंबाची अट आहे, म्हणजे दोनहून अधिक हयात अपत्यं चालत नाहीत. निवड गुणांच्या यादीवर होते. बारावीच्या टक्क्यांबरोबर पदवी, डी.एड., बी.एड., संगणक परीक्षा यांचे गुण धरले जातात, त्यामुळे बारावीची गुणपत्रिका नीट जपा.

अर्ज बाद होतात ते बहुतेक कागदांपायी. रहिवासी दाखला जुना असतो, लग्नानंतरचं आणि आधीचं नाव जुळत नाही, अपत्यांचं स्वयंघोषणापत्र राहून गेलेलं असतं. नावात बदल असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला जाहिरात निघण्याआधीच काढून ठेवा. मुदत छोटी असते आणि तेवढ्यात हे कागद हाती येत नाहीत.

आणखी एक गोष्ट माहीत असू द्या. अंगणवाडीत वेतन नसतं, मानधन असतं. ग्रॅच्युइटीचा हक्क मात्र सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये मान्य केला आहे.

माझी फक्त दहावी झाली आहे. मग?

आधी बारावी करा. पुढची जवळजवळ प्रत्येक वाट तिथूनच निघते. काम सोडून कॉलेजला जायची गरज नाही. दोन मार्ग आहेत. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षा देता येते. कला शाखेत ‘बालविकास’ हा विषय आहे, जमलं तर तो घ्या. दुसरा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा. तिथे बारावीला ‘बाल्यावस्थापूर्व देखभाल व शिक्षण’ असा स्वतंत्र विषयच आहे, आणि एकेक विषय सोडवत पुढे जाता येतं. घर, नोकरी आणि अभ्यास एकदम ओढायचा असेल तर हा दुसरा मार्ग जास्त झेपतो.

बारावीनंतर कोणता अभ्यासक्रम निवडावा?

पुढे कुठे काम करायचं आहे, त्यावर हे ठरतं.

नोकरी न सोडता शिकायचं असेल तर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची, म्हणजे इग्नूची बाल्यावस्था देखभाल व शिक्षणाची पदविका सर्वात सोयीची. बारावी उत्तीर्ण चालतं, किमान एक वर्ष लागतं, आणि एका वर्षात झालं नाही तर ठरलेल्या कमाल मुदतीपर्यंत वेळ मिळतो. प्रवेश वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै. सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. बालसंगोपन सेवांचं नियोजन, मुलांचं आरोग्य व पोषण, विशेष गरजा असलेली मुलं हे तीन भाग आणि चौथा प्रकल्पाचा. अडचण एकच: माध्यम इंग्रजी किंवा हिंदी आहे, मराठी नाही. मराठी शाळेतून आलेल्यांनी हिंदी घ्यावं. पहिले दोन महिने शब्द अडतात, मग सरावाचे होतात.

पूर्वप्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणूनच जायचं असेल तर राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेची, म्हणजे एनसीटीईची मान्यता असलेली दोन वर्षांची पूर्वप्राथमिक शिक्षण पदविका पाहा. बारावीला ५० टक्के लागतात. ती पूर्णवेळ असते. तासांना ८० टक्के आणि शाळेतल्या प्रत्यक्ष सरावाला ९० टक्के हजेरी लागते, म्हणजे दिवसाची नोकरी चालू ठेवून ती होत नाही. संध्याकाळचं पाळणाघर जमू शकेल.

माँटेसरीच्या नावाचे अभ्यासक्रम गल्लोगल्ली आहेत. ‘माँटेसरी’ हे नाव कोणीही लावू शकतं, त्याला मालक नाही. मारिया माँटेसरींनी १९२९ मध्ये स्थापन केलेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेची पदविका वेगळी, आणि शेजारच्या वर्गाचं सहा महिन्यांचं प्रमाणपत्र वेगळं. दुसरं वाईटच असतं असं नाही. पण ते कोण ओळखतं, हे पैसे भरण्याआधी विचारा.

वाईट कोर्स ओळखायचा कसा?

चार प्रश्न विचारा आणि उत्तरं कागदावर मागा. प्रमाणपत्रावर सही-शिक्का कोणाचा? परीक्षा कोण घेतं? मुलांसोबत प्रत्यक्ष किती तास, आणि कुठल्या बालवाडीत? शुल्क हप्त्याने घेता का, मध्ये सोडलं तर परत किती?

तिसऱ्या प्रश्नाला ‘ते सगळं ऑनलाइन व्हिडिओवर दाखवतो’ असं उत्तर आलं, तर तिथून उठा. वर्गात बसून चार्ट रंगवायला शिकवणारे कोर्स भरपूर आहेत. वीस मिनिटांत सोळा मुलांचे हात धुऊन त्यांना जेवायला बसवायचं कसं, हे त्यांत कुठेच येत नाही. आणि ‘शंभर टक्के नोकरीची हमी’ असं लिहिलेलं दिसलं, तर हमीचे नियम आधी वाचा. बहुधा ती त्यांच्याच शाखेत, बिनपगारी ‘ट्रेनी’ म्हणून असते.

आधी कोर्स की आधी नोकरी?

आधी निदान एक महिना मुलांमध्ये काढा, मग शुल्क भरा. हे काम लांबून गोड दिसतं. प्रत्यक्षात दिवसाचा मोठा भाग शी-शू, उलट्या, सांडलेलं वरण, न झोपणारं एक मूल आणि त्याच्यामुळे उठलेली चार मुलं यातच जातो. हे अंगवळणी पडतंय का, ते महिनाभरात कळतं. पडत असेल, तर महिना संपताच प्रवेश घ्या. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणाऱ्या मदतनीस ताई पुष्कळदा त्याच पदावर राहून जातात.

नोकरीबरोबर अभ्यासाला किती वेळ काढावा लागतो?

इग्नूच्या पदविकेचे ३२ श्रेयांक (क्रेडिट) आहेत आणि एका श्रेयांकाला ३० तासांचा अभ्यास धरला जातो. म्हणजे एकूण ९६० तास. एका वर्षात संपवायचं तर आठवड्याला १८ तासांहून थोडे जास्त, दोन वर्षांत संपवायचं तर साधारण ९. आठ तास उभं राहून घरी गेल्यावर रोज अडीच तास पुस्तक हाती धरवत नाही, म्हणून दोन वर्षांचाच हिशोब धरा. रविवारी सकाळी चार तास आणि कामाच्या पाच दिवशी एकेक तास, एवढं पुरतं.

गाडी अडते ती स्वाध्यायांवर. ते दिलेल्या मुदतीत गेले नाहीत तर परीक्षा दिली तरी निकाल अपूर्ण राहतो. स्वाध्याय जमा केल्याची पावती किंवा अपलोड केल्याचा स्क्रीनशॉट निकाल लागेपर्यंत ठेवा. प्रकल्पासाठी मुलांसोबत काम करून त्याच्या नोंदी द्याव्या लागतात. इथे नोकरी कामी येते. संस्थाचालकांची आणि पालकांची लेखी परवानगी मात्र आधी घ्या.

मुलाखतीत काय विचारतात? आणि मी काय विचारावं?

‘मुलं आवडतात का?’ हा प्रश्न येतोच, पण त्याच्या उत्तराने काही ठरत नाही. ‘मूल चावलं तर काय कराल?’, ‘ओळखीचे नसलेले काका न्यायला आले तर?’ या प्रश्नांनी ठरतं. ज्याला चावलं त्या मुलाकडे आधी जा, जखम साबण-पाण्याने धुवा, मग चावणाऱ्याला शांतपणे बाजूला घ्या, दोन्ही घरी कळवा, पण कोणी चावलं त्याचं नाव दुसऱ्या घरी सांगू नका. न्यायला येणाऱ्यांच्या यादीत नाव नसेल तर आईवडिलांशी बोलणं होईपर्यंत मूल द्यायचं नाही, समोर सख्खे मामा असले तरी.

तुम्हीही विचारा. माझ्यावर कोण ताई असतील? एका वेळी किती मुलं? मी मुलांजवळ एकटी असेन अशी वेळ येते का? परीक्षेच्या दिवसांत सुट्टी मिळेल का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नेमणूकपत्रात लिहून घ्या. मूळ प्रमाणपत्रं कोणाकडेही ठेवू नका, साक्षांकित प्रती द्या. ‘अनामत’ मागणाऱ्या जागी पुढचं बोलणंच नको.

एका ताईकडे किती मुलं असावीत?

२०१३ च्या राष्ट्रीय धोरणानुसार तीन वर्षांखालच्या १० मुलांमागे एक आणि तीन ते सहा वयाच्या २० मुलांमागे एक मोठं माणूस. हे कमीत कमी झालं. रांगणाऱ्या दहा बाळांकडे एकटीने पाहणं शक्य नाही. एकाचं लंगोट बदलताना नऊंकडे पाठ होते. बाळांच्या खोलीत दोघी असल्याच पाहिजेत.

कंपन्यांच्या डे-केअरमध्ये ही संख्या बरी असते. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्ती कायद्याने ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभा मिळाली. पुणे, मुंबई, नाशिकच्या औद्योगिक पट्ट्यात या जागा शोधा.

पहिल्या महिन्यात नेमकं काय शिकायचं?

मुलांची नावं, हाका मारायची नावं, कोणाला कशाची अ‍ॅलर्जी आणि कोण कोणाच्या कुशीत झोपतं. मग हात धुणं: साबणाने २० सेकंद, डायपर बदलल्यावर, नाक पुसल्यावर, जेवण वाढण्यापूर्वी. डायपर बदलण्याचं सगळं सामान आधी हाताशी घ्या आणि एक हात सतत बाळावर ठेवा. बाळं पडतात ती ‘फक्त वाइप्स घ्यायला वळले’ त्या क्षणाला.

झोपवताना एक वर्षाखालचं बाळ पाठीवरच झोपवा. उशी नको, दुपटं तोंडापर्यंत नको.

खाण्यात दोन धोके लक्षात ठेवा. द्राक्षं उभी चार फोडी करून द्या, अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न पाच वर्षांखाली नकोच. कूट चालतं. आणि एक वर्षाखाली मध चाटवू नका, आजीने पाठवला असला तरी. त्यातल्या जिवाणूंमुळे बाळाला बॉट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो.

आईने काढून पाठवलेलं दूध आल्या आल्या फ्रीजमध्ये, वर नाव आणि वेळ लिहून. २५ अंशांपर्यंत ते बाहेर चार तास टिकतं म्हणतात, पण एप्रिल-मेच्या आपल्या खोलीत तो हिशोब लागू नाही. पावडरचं दूध तयार केल्यापासून दोन तासांत संपवा, बाळाच्या तोंडाला लागलेलं उरलं तर तासाभरानंतर टाकून द्या. जुलाब लागले तर ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटरमध्येच कालवा. अर्ध्या ग्लासात अर्धं पाकीट टाकणं ही नेहमीची चूक आहे; त्यात क्षार जास्त होऊन बाळाला अपाय होतो. कालवलेलं पाणी २४ तासांनी फेका. औषध पालकांनी लिहून दिल्याशिवाय कुठलंच नाही, तापाचंही नाही.

घशात काही अडकलं तर काय करायचं, हे वाचून येत नाही. रेड क्रॉस किंवा सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सचं प्रथमोपचार प्रशिक्षण घ्या आणि तिथे बाहुलीवर करून पाहा. एक वर्षाखाली पाठीवर पाच थापा आणि छातीवर पाच दाब, पोटावर दाब नाही. तोवर दुसऱ्या कोणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा.

कोर्समध्ये ‘निरीक्षण नोंद’ मागतात. ती कशी लिहायची?

शिकणाऱ्यांची सर्वात जास्त अडचण इथेच होते, म्हणून थोडं सविस्तर.

‘आज मूल चिडचिडं होतं, कोणाशी खेळलं नाही’ ही नोंद नाही, हे मत झालं. नोंद अशी: ‘मुलगा, २ वर्षे ४ महिने. सकाळी १०.२०, ठोकळ्यांचा कोपरा. पाच ठोकळे एकावर एक ठेवले. सहावा ठेवताना मनोरा पडला. ओरडला, एक ठोकळा फेकला. ताईंकडे पाहिलं. ताई हलल्या नाहीत. अर्ध्या मिनिटाने स्वतःच रुंद ठोकळा खाली ठेवून पुन्हा सुरुवात केली.’ यात वय आहे, वेळ आहे, जागा आहे आणि फक्त दिसलेलं आहे. अर्थ वेगळ्या रकान्यात लिहा: पडण्याचं कारण शोधतोय, मोठा ठोकळा खाली हवा हे हाताने उमगतंय, राग आवरायला मोठ्यांची नजर पुरते.

खिशात छोटी वही ठेवा, दिवसातून दोनच मुलांच्या तीन-चार ओळी. सगळ्या मुलांचं रोज लिहायला गेलात तर आठवड्यात वही बंद पडते. मुलाचं पूर्ण नाव लिहू नका, आद्याक्षर पुरे. मोबाइलवर फोटो काढून नोंदीला लावायची सवय आधीच मोडा.

२०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात मुलांच्या मूल्यमापनाचा भर अशा निरीक्षणावरच आहे, लेखी परीक्षेवर नाही. अंगणवाड्यांसाठीच्या ‘आधारशिला’ अभ्यासक्रमातही वर्षातले ४८ आठवडे ओळख, खेळातून शिकणं आणि उजळणी असे वाटलेले आहेत; कोण कुठवर आलं, हे नोंदींवरूनच कळतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर नेलं. पाने, बिया, शंख-शिंपले ही त्यांची साधनं होती. महागड्या किटशिवाय बालवाडी चालत नाही असं कोणी म्हणालं, तर हा इतिहास त्यांना सांगा.

नवीन मूल आई गेल्यावर थांबतच नाही रडायचं. काय करायचं?

आठ महिने ते दीड वर्ष या वयात आईपासून दूर होण्याचं भय सर्वात जास्त असतं. त्या वयात रडणं हे बाळाची वाढ नीट होत असल्याचंच लक्षण आहे. पहिल्या दिवशी आई सोबत, एक तासच. दुसऱ्या दिवशी आई पंधरा मिनिटं बाहेर. आठवडाभरात वेळ वाढवत न्या. घरचं दुपटं किंवा आईची ओढणी जवळ असू द्या. पहिले काही दिवस त्याला एकाच ताईंनी घ्यायचं, हातोहात फिरवायचं नाही.

‘आई आत्ता येते’ असं खोटं सांगू नका, आणि आईला मागच्या दाराने पळवूही नका. ‘जेवण झालं, झोप झाली की आई येणार’ असं सांगा. घड्याळ कळत नसलं तरी दिवसाचा क्रम बाळाला लवकर कळतो.

पोलीस पडताळणी लागते का? मुलासोबत काही वाईट होतंय असं वाटलं तर?

लागते. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या २०२० च्या नियमांनुसार मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी, पाळणाघरांसह, प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करायची आहे. संस्था मागत नसेल तरी स्वतःहून चारित्र्य पडताळणी करून घ्या. पुढच्या नोकरीत उपयोगी पडते.

लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत, संस्थाप्रमुख असल्यास एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. ‘मॅडमना सांगितलं होतं’ एवढ्याने तुमची जबाबदारी संपत नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक चोवीस तास चालू असतो. मुलाची स्वतः उलटतपासणी करू नका. ते जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, वेळेसह लिहून ठेवा.

पगाराचं काय?

सुरुवातीला कमी, हे उघड बोललेलं बरं. म्हणून हातात येणाऱ्या आकड्याबरोबर बाकीचंही पाहा. पैसे बँकेत येतात का? दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय लागू होतो, वीस झाले की भविष्य निर्वाह निधी. ईएसआयमध्ये तुमचा वाटा पगाराच्या ०.७५ टक्के आणि त्यावर घरच्यांचाही उपचार होतो. पदविका झाल्यावर पगार किती वाढेल, हे प्रवेश घेतानाच संस्थेकडून लिहून घ्या. नंतर विचारलं की विषय लांबतो.

या कामाचा तब्येतीवर परिणाम होतो का?

होतो. कंबर आणि गुडघे आधी बोलतात. मूल उचलताना कमरेत वाकू नका, गुडघ्यात बसून अंगाशी धरून उठा. पहिल्या सहा महिन्यांत सर्दी-ताप सारखे होतात, मग कमी होतात. कांजिण्या आणि रुबेला झाला आहे का, लस घेतली आहे का, हे डॉक्टरांकडे आधी तपासा. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत रुबेला झाला तर पोटातल्या बाळाला गंभीर इजा होऊ शकते, आणि ही लस गरोदरपणात घेता येत नाही.

पुरुषांना संधी आहे का?

खासगी बालवाड्या, क्रीडा-संगीत वर्ग, स्वयंसेवी संस्था इथे आहे. अंगणवाडी सेविका-मदतनीस ही पदं स्त्रियांचीच.

मी बरीच वर्षं घरी जाऊन बाळं सांभाळते आहे. तो अनुभव धरतात का?

कागद असेल तर. ज्या घरी काम केलं त्यांच्याकडून कालावधी, बाळाचं वय आणि कामाचं स्वरूप लिहिलेलं पत्र घ्या. कौशल्य विकास योजनेत ‘पूर्वज्ञानाची मान्यता’ नावाचा प्रकार आहे: छोटं मार्गदर्शन, मग चाचणी, मग प्रमाणपत्र. ते पदविकेची जागा घेत नाही, पण पहिल्या संस्थेचं दार उघडायला पुरतं.

नवऱ्याच्या नोकरीसाठी ऑस्ट्रेलियाला जाते आहे. इथला कोर्स तिकडे चालेल?

सरळ चालेल असं धरू नका, तुलना करून घ्यावी लागते. पण तिकडे शिकता शिकता काम करण्याची सोय कायद्यातच आहे. सर्टिफिकेट थ्री या अभ्यासक्रमाला नाव घालून, शिक्षण सुरू करून समाधानकारक प्रगती दाखवत असाल, तर तुम्हाला मुलांमागच्या मोठ्यांच्या संख्येत धरता येतं. त्यात १७ घटक आणि किमान १६० तासांचा प्रत्यक्ष सराव आहे. पुढची पदविका १५ घटकांची, २८० तासांची. दोन वर्षांखालच्या चार मुलांमागे एक माणूस, असा तिथला नियम आहे. मुलांसोबत काम करण्याची परवानगी तपासणी राज्यानुसार वेगळी असते. ज्या राज्यात राहणार तिथलीच काढा. आणि व्हिसावर काम व शिक्षण दोन्हींची मुभा आहे का, ते शुल्क भरण्याआधी पाहा.

शिकतानाच घरी स्वतःचं पाळणाघर सुरू केलं तर?

पदविकेचं निदान एक वर्ष आणि दुसऱ्याच्या पाळणाघरातला एक पावसाळा काढल्याशिवाय नको. पावसाळ्यात आजारपण, न वाळणारे कपडे आणि अडकलेले पालक एकदम येतात, तेव्हा खरा अंदाज येतो. त्यानंतर चार-पाच मुलांपासून सुरुवात करा, सोबत एक मदतनीस हवीच. मोजकेच कामगार असतील तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात नोंदणी नसून फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. जेवण तुम्ही करून देणार असाल तर अन्नसुरक्षेची मूलभूत नोंदणी लागते, वर्षाला १०० रुपये. सोसायटीचं ना-हरकत पत्र आधी घ्या. खिडकीला जाळी, स्वयंपाकघराला फाटक, बाथरूमला बाहेरून वर लावलेली कडी आणि बादल्या कायम रिकाम्या व पालथ्या. उशिरा नेण्याचं शुल्क पहिल्याच दिवशी छापून द्या, नाहीतर सातची वेळ हळूहळू साडेआठ होते.